पाठीमागची पावलं

शशिकला खानझोडे भाजीला निघाल्या की इंद्रपुरीच्या बाजारातले भाजीवाले आधीच सावरून बसायचे. लग्न होऊन वर्ध्याहून भोपाळला आल्या तेव्हा त्यांना धड हिंदी येत नव्हतं. ते त्या याच बाजारात शिकल्या, आणि भाजीवाल्यांकडून शिकल्यामुळे भांडणाचं हिंदी आधी आलं, गोड बोलण्याचं मागाहून. "भैया, ये गिलकी है या लकड़ी?" असं विचारून त्या अशा काही उभ्या राहायच्या की समोरचा मुकाट्याने पाटीच्या तळातली कोवळी गिलकी, म्हणजे आपली घोसाळी, काढून द्यायचा. अशा बाईला पुढे कोपऱ्यावरून दही आणायलाही सोबत लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर अख्ख्या गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यांचे यजमान सुधाकरराव तिथल्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सारी हयात विजेच्या मोटारींना तांब्याच्या तारा गुंडाळण्यात, वाइंडिंग करण्यात गेली. माणूस सज्जन, पण कारखाना अंगात मुरलेला: बिघडलेला भाग काढा, नवा बसवा, मशीन चालू करा आणि घरी जा. दुसरी सवय त्यांच्या वयाच्या बहुतेक नवऱ्यांना असते तीच. रस्त्याने चालताना स्वारी कायम आठ-दहा पावलं पुढे. बायको मागून येतेय हे गृहीतच. आपण पुढे बघत मोठमोठ्याने बोलत राहायचं आणि मागून आलेलं "हं" कानावर घ्यायचं. दोघांचा सगळा संसार असा पायी चालला होता, आणि खरं सांगायचं तर बराच सुखाने चालला होता.

संक्रांतीनंतर शेजारच्या सोनागिरी वस्तीत एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. सुधाकरराव बायकोला आणायला गेले. दिवे नुकतेच लागले होते, कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता. सुधाकरराव पुढे, नळाला पाणी कमी दाबाने का येतं या विषयावर. शशिकलाबाई मागे, हातात वाणात मिळालेला स्टीलचा डबा आणि गळ्यात ठेवणीतलं मोठं मंगळसूत्र. मागून एक मोटरसायकल आली. मानेला एकदम फास बसला. गळा आवळल्यामुळे ओरडताही येईना. मोटरसायकलबरोबर त्या थोड्या फरफटत गेल्या, मग सर तुटला, त्या उजव्या खांद्यावर आपटल्या आणि मोटरसायकल बाजूच्या गल्लीत शिरून दिसेनाशी झाली. सुधाकरराव वळणापर्यंत पोचले होते. पाण्याच्या दाबाबद्दल त्यांचं बोलणं चालूच होतं. बराच वेळ "हं" आलं नाही, तेव्हा ते मागे वळले.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. पोलिसांत तक्रार झाली, एक्स-रे झाला, मानेवरच्या ओरखड्याला मलम लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा घेता घेता म्हणून जायचा, "सोनं काय, पुन्हा येईल. जीव वाचला हे महत्त्वाचं." लोकांचं बरं असतं. त्यांचं सांत्वन चहाबरोबर संपतं. वाचलेल्या जिवाला रात्रंदिवस कुणीतरी मागून येतंय असं वाटत असेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

त्यात घरच्यांनी एक घोटाळा केला, आणि तोही प्रेमापोटी. सवाष्णीचा गळा मोकळा बरा नाही असं वर्ध्याच्या मोठ्या वन्संनी फोनवर बजावलं. सुधाकररावांना ते लगेच पटलं, कारण गेलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवायचा हे त्यांचंच शास्त्र. पुण्याहून मुलगा सत्यजित आणि सून जुई आले, येताना पहिल्यापेक्षा जड मंगळसूत्र घेऊन. आईला अचानक खूश करायचं म्हणून, त्या चहा घेत बसल्या असताना जुई पावलं न वाजवता मागून आली आणि तिने ते त्यांच्या गळ्यात टाकलं. कपबशी भिंतीवर जाऊन फुटली. शशिकलाबाई अशा किंचाळल्या की शेजारचे धावत आले. जुई भेदरून रडायला लागली, आणि तिला रडताना बघून शशिकलाबाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळे बघताहेत म्हणून त्यांनी ते मंगळसूत्र घातलं आणि घातलेलंच ठेवलं. भोपाळच्या मे महिन्यात गळ्याभोवती पदराचे दोन वेढे आणि त्यावर सेफ्टीपिना, अशा त्या घरात वावरायच्या.

घरातच वावरायच्या, कारण बाहेर जाणं बंदच झालं होतं. ओट्याशी उभं राहिलं की पाठ उघडी पडते, म्हणून पोळ्या खाली बसून, भिंतीला टेकून लाटायच्या. रस्त्यावर सायलेन्सर फाटलेली गाडी गेली की हातातलं टाकून त्या दाराची कडी बघून यायच्या. शेवटी सत्यजितने विषय काढलाच: इंद्रपुरीचं घर विका आणि पुण्याला या, आमच्या सोसायटीला गेट आहे, गार्ड आहेत. वन्संनीही वर्ध्याहून त्याला दुजोरा दिला. सुधाकररावांनी फोनवर सांगून टाकलं, "दसऱ्याला तुम्ही या. तोवर तुझी आई एकटी बाहेर पडायला लागली तर राहू इथे. नाहीतर घर काढू विकायला." शशिकलाबाई तिथेच बसल्या होत्या. आपल्याबद्दलचा ठराव आपल्यासमोर पास झाला आणि आपलं मत कुणी विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. तिथे त्या सत्यजितची आई म्हणून राहिल्या असत्या, आणि मुला-सुनेने चांगलं सांभाळलंही असतं. पण त्यांना कुणाकडून सांभाळून घ्यायचं नव्हतं, त्यांना त्यांचा बाजार परत हवा होता.

याच सुमारास उजवा खांदा आखडला. वेणी घालायलाही हात वर जाईना, म्हणून सुधाकरराव त्यांना सोनागिरीत एका औषधाच्या दुकानावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथली अपर्णा भोपाळमध्येच जन्मलेली मराठी मुलगी, तिशीची, तोंडात अर्धं हिंदी. पहिल्या दिवशी ती खांदा बघायला मागे गेली आणि शशिकलाबाईंचं कोपर थेट तिच्या चष्म्याला लागलं. चष्मा उडून शेकायच्या पिशवीवर पडला.

"अगं बाई! लागलं का गं?" शशिकलाबाई ओशाळल्या.

"काही नाही हो काकू, चलता है," अपर्णा चष्मा पुसत म्हणाली. पण ती पुन्हा मागे गेली नाही. स्टूल ओढून समोर बसली. "कुठे दुखतंय?"

"खांद्यात."

"आणि पाय कुठे आहेत तुमचे?"

"पायांच्या जागी! कुठे असणार?"

"खाली न बघता सांगा ना. जमिनीला टेकलेत? गार लागतंय की गरम?"

शशिकलाबाई उत्तर द्यायला गेल्या. त्यांना सांगता येईना. कमरेच्या खाली काही आहे याचा जणू त्यांना पत्ताच नव्हता. मानेपासून कानांपर्यंत मात्र सगळं ताठ, मागचा कानोसा घेत असलेलं. आपण श्वास धरून बसलोय हेही त्यांना तेव्हाच कळलं.

झाला प्रकार ऐकल्यावर अपर्णा म्हणाली, "काकू, गॅस बंद केला तरी कुकरमध्ये वाफ राहतेच ना? तुमच्या घरचे सगळे झाकण ओढताहेत. आपण शिट्टी थोडी थोडी उचलू. आणि माझ्याने नाही झालं, तर मी ज्यांच्याकडे हे शिकले त्या मॅडमकडे घेऊन जाईन. पक्का."

कुकरची भाषा शशिकलाबाईंना समजली. अपर्णाने शिकवलं ते इतकं साधं होतं की त्यांना पहिल्यांदा हसूच आलं. खुर्चीत बसायचं, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवायचे आणि त्यांना जमीन कशी लागते ते बघत राहायचं. श्वास आत घ्यायची घाई नाही, बाहेर सोडताना मात्र भुंग्यासारखं गुणगुणत सावकाश सोडायचा. भीती आली तर तिला हाकलायचं नाही; ती अंगात कुठे आलीय ते शोधायचं. घशात आहे का, पोटात आहे का, वर सरकतेय की उतरतेय. आणि मागे बघायचं असेल तर झटक्याने वळायचं नाही. आधी डोळे, मग मान, मग खांदा, आणि दिसेल ती वस्तू मनात नाव घेऊन ओळखायची. खिडकी. पडदा. पंखा. अपर्णा मागे जायची तेव्हा आधी विचारायची, "येऊ का?" शशिकलाबाई कधी "ये" म्हणायच्या, कधी "आज नको". त्या "नको" म्हणाल्या तर ती खरंच येत नसे. किती महिन्यांनी त्यांच्या "नको"ला कुणीतरी किंमत दिली होती. पहिल्या "नको"च्या दिवशी घरी जाताना त्यांना उगाचच प्रसन्न वाटलं.

एकदा अपर्णाने त्यांना भिंतीसमोर उभं केलं. "दोन्ही तळवे लावा आणि ढकला. दुखणार नाही इतपतच. त्या दिवशी हातांना जे करता आलं नाही, ते करू द्या त्यांना." शशिकलाबाई ढकलू लागल्या. सुरुवातीला अवघडल्या, मग दंडांत बळ आलं, मग दंड थरथरायला लागले, आणि मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपण त्या मोटरसायकलवाल्यावर चिडलोय असं त्या धरून चालल्या होत्या. भिंत ढकलताना त्यांच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची पाठ आली. पांढरा शर्ट, हातात पिशवी, आणि पाण्याच्या दाबाबद्दल चाललेलं ते बोलणं. राग त्याच्यावर होता. इतक्या भल्या माणसावर राग कसा धरायचा, म्हणून इतके महिने त्यांनी तो गिळला होता.

घरी येऊन त्यांनी भर दुपारी, सुधाकररावांच्या देखत, गळ्यातलं मंगळसूत्र काढून देवापुढे ठेवलं आणि मनगटात काळ्या मण्यांची बांगडी घातली.

"अगं, मी आहे अजून!" सुधाकरराव दचकून म्हणाले.

"तुम्ही आहात ते साऱ्या इंद्रपुरीला ऐकू येतं. त्यासाठी माझा गळा कशाला हवा?"

बऱ्याच दिवसांनी बायकोची जुनी धार ऐकून सुधाकरराव मनातून सुखावले. वन्संचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयच बदलला.

गणपती गेले. खांदा मोकळा झाला. शशिकलाबाई पुन्हा ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटू लागल्या. आता एकटीने बाहेर पडायचं ठरलं. रोज सकाळी गल्लीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत जायचं आणि परत यायचं. घरापासून पहिल्या वळणापर्यंत त्या मजेत जायच्या. वळण ओलांडलं की मानेवरचे केस उभे राहायचे आणि त्या जवळजवळ धावतच घरी परतायच्या. रोज तेच. घरी सगळं जमतंय, दवाखान्यात जमतंय आणि रस्त्यावर मात्र गाडी तिथेच अडतेय. दसरा तोंडावर आला होता. शशिकलाबाईंनी हात टेकले.

"माझ्याने नाही व्हायचं गं," त्या अपर्णाला म्हणाल्या. "मागे कुणी नसतं, मला माहीत आहे. तरी पावलं ऐकू येतात."

अपर्णाने स्टूल पुढे ओढलं. "काकू, पण नसतं हे कशावरून? तुम्ही बघितलंय का वळून?"

बघितलं नव्हतं. त्या पळत आल्या होत्या. इतके दिवस सगळ्यांनी त्यांना "मागे कुणी नाही" असं सांगितलं होतं आणि त्याही आपल्या अंगाला तेच सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. वळण ओलांडलं. पळायला पाय शिवशिवत होते. शशिकलाबाई थांबल्या. चपलेतून तळव्यांना रस्त्याचे खडे टोचत होते, ते त्यांनी टोचू दिले. हलकेच गुणगुणत श्वास सोडला. समोरून येणाऱ्या दूधवाल्याला वाटलं बाई भजन म्हणताहेत. पावलं खरंच येत होती. त्या थांबल्यावर तीही थांबली. आधी डोळे, मग मान, मग खांदा. भिंत. विजेचा खांब. पपईची गाडी. आणि पपईच्या गाडीआड, हातातली पपई कानाशी धरून टिचक्या मारत उभे असलेले सुधाकरराव खानझोडे. सुधाकररावांना पपईचा वाससुद्धा सहन होत नाही.

शशिकलाबाईंना आधी हसू फुटलं. मग असा संताप आला की त्या गाडीवाल्यासमोरच कडाडल्या, "घरी चला!"

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." सुधाकरराव चपराशासारखे उभे होते. "तुला दिसणार नाही इतकं अंतर ठेवून यायचो."

"मी इथे भीतीने अर्धी मेले! मला वाटलं मला वेड लागतंय. कशाला केलंत हे?"

"तेव्हा मी पुढे होतो." त्यांचा नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "म्हणून म्हटलं, आता मागे राहायचं. शशी, तू खाली पडली होतीस आणि मी बोलत होतो. नळाच्या पाण्याबद्दल. मला अजून रोज ऐकू येतं ते माझं बोलणं."

शशिकलाबाई खुर्चीवर बसल्या. एरवी त्यांनी "जाऊ द्या हो" म्हणून विषय मिटवला असता. आज त्यांनी तळपाय जमिनीवर ठेवले आणि घशाशी आलेलं बोलून टाकलं. "मला तुमचा राग आलाय. तेव्हापासून आहे."

"मलाही माझा आलाय," सुधाकरराव म्हणाले.

दोघांनी इतके महिने एकमेकांना न सांगता एकच गोष्ट उराशी धरली होती. बोलून झाल्यावर शशिकलाबाईंना हलकं वाटलं, आणि समोरच्या माणसाची दयाही आली. राग होता तो होताच, पण तो आता घशात रुतून बसला नव्हता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "माझ्या अंगाला मागचा माणूस कळतो, पण तो नवरा आहे की चोर हे कळत नाही. तुम्ही मागे यायचं नाही. पुढेही जायचं नाही. कधी जायचं असेल तर माझ्या बाजूने चाला. आणि मी एकटी जाईन तेव्हा घरी बसायचं."

"आणि काही झालं तर?"

"त्या 'तर'चंच बघायचंय. बसा या खुर्चीत. पाय टेकवा."

"याने काय होणार?"

"काही होत नाही. काय होतंय ते बघायचं."

सुधाकरराव बसले खरे, पण त्यांचा गुडघा शिलाई मशीनसारखा हलत होता. बायकोने "पाय कुठे आहेत" विचारल्यावर त्यांनी तिच्यासारखंच "पायांच्या जागी" असं उत्तर दिलं. पण बऱ्याच वेळाने गुडघा थांबला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. कारखान्यात कुणाचं बोट तुटलं तरी न डगमगणारा हा माणूस हुंदके देऊन रडला. शशिकलाबाईंनी त्यांचं रडणं थांबवलं नाही. त्या नुसत्या शेजारी बसल्या आणि अधूनमधून म्हणत राहिल्या, "श्वास सोडा. सावकाश."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सत्यजित आणि जुईची गाडी राणी कमलापती स्टेशनवर येणार होती. सुधाकरराव सकाळीच शर्ट घालून तयार. शशिकलाबाई पायांत चपला घालत म्हणाल्या, "मी आणते त्यांना." सुधाकरराव शर्टाची वरची गुंडी काढून खुर्चीत जाऊन बसले.

गल्ली संपली, पिंपळ मागे पडला. मेन रोडवर गाड्या अंगावर आल्यासारख्या जात होत्या. एक मोटरसायकल अगदी जवळून गेली आणि हात आपोआप मानेकडे गेला. शशिकलाबाई फुटपाथवर थांबल्या. भीती घशात होती, मग ती छातीत उतरली, मग पातळ झाली. त्या पुढे निघाल्या. सिटी बसमध्ये मागे एक जाडजूड बाई त्यांच्या पाठीला रेटून उभी राहिली, तेव्हा त्यांनी मान वळवून तिला नीट बघून घेतलं आणि म्हटलं, "बहनजी, ज़रा हटके खड़ी रहो." आवाज असा होता की दोन बाया सरकल्या. शशिकलाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकून भरून आलं.

प्लॅटफॉर्मवर गर्दी उतरली. सत्यजितने आईला पाहिलं, मग तिच्या आजूबाजूला, मागे, खांबाआड.

"बाबा कुठे?"

"घरी."

"तू एकटी आलीस? आई, एकटी?" त्याने तिथेच फोन लावला, गोंगाटामुळे स्पीकरवर टाकला. "बाबा! आई स्टेशनवर एकटी आलीये! तुम्ही काय करताय?"

"खुर्चीत बसलोय," पलीकडून आवाज आला. "ती निघाली तेव्हापासून. पाय जमिनीला टेकवून बसलोय, दुसरं काही करत नाहीये." गुणगुणत सोडलेला श्वास फोनमध्ये ऐकू आला. "पोचली का ती? तिला विचार, आता उठू का मी."

जुईने तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. शशिकलाबाईंनी मुलाच्या हातातून फोन घेतला.

"पोचले हो. उठा आता," त्या म्हणाल्या. "आणि वन्संना फोन करून कळवा, आम्ही पुण्याला जात नाही."